तेलाच्या गावातला फुकटचा धडा

माझी ताई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 2023 मध्ये सरकारने 'दत्तक शाळा' योजना आणली, तेव्हापासून ती संतापलेली आहे. कंपनीने शाळेला मदत करायची आणि त्या बदल्यात शाळेला आपलं नाव जोडायचं, हे तिला सहन होत नाही. मी तिला म्हणते, ताई, पाटीवर कुणाचं नाव आहे त्यापेक्षा वर्गात कुणाचा धडा येतोय ते बघ.

मी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, तल्सा शहरात राहते. ओक्लाहोमा हे तेलाचं राज्य. इथे 1993 साली कायद्याने 'ओक्लाहोमा एनर्जी रिसोर्सेस बोर्ड' हे तेल-वायू उद्योगाच्या पैशावर चालणारं मंडळ स्थापन झालं. तेल-वायूच्या विक्रीतला एक दशांश टक्का वाटा त्याला मिळतो आणि त्यातून शाळांना विज्ञानाचे धडे, प्रयोगाचं साहित्य, शिक्षकांचं प्रशिक्षण असं सगळं फुकट जातं. छोट्यांसाठी पेट्रो पीट नावाच्या मुलाची गोष्ट आहे. तेलापासून बनलेल्या वस्तू एकाएकी नाहीशा झाल्या, असं वाईट स्वप्न त्याला पडतं. तेलापासून कितीतरी वस्तू बनतात, हे खरंच आहे. पण तेच तेल जाळल्यावर हवेचं काय होतं, ते त्या गोष्टीत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात तेल नसण्याची भीती आधी बसते.

शिक्षकांना मी दोष देत नाही. तेल उत्पादनावर इथे 7 टक्के कर होता. 2014 च्या कायद्याने नव्या विहिरींना पहिली तीन वर्षं फक्त 2 टक्के ठेवला. शाळांच्या वाट्याचा पैसा आटला. 2018 च्या एप्रिलमध्ये शिक्षक रस्त्यावर उतरले, तेव्हा फाटक्या पाठ्यपुस्तकांचे फोटो देशभर फिरले. (त्याच वर्षी तो 2 टक्क्यांचा कर वाढवून 5 टक्क्यांवर न्यावा लागला.) तेल कंपन्यांनी कर कमी भरायचा आणि रिकाम्या वर्गात साहित्याची फुकटची पेटी पाठवायची, हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो. कराच्या पैशातून आलेल्या पुस्तकात काय असावं, यावर पालक भांडू शकतात. भेट आलेल्या पेटीवर कोण भांडणार?

परवा ताई म्हणाली, "अगं, आमचं छत गळतंय. कुणी पत्रे घालून देत असेल तर नको म्हणू?"

नको म्हणू नकोस. पत्रे घे, बाकं घे, मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून घे. फक्त शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात एक ओळ लिहून घे: देणगीदाराकडून आलेलं कोणतंही शिकवण्याचं साहित्य बाहेरच्या विषयतज्ज्ञांनी तपासल्याशिवाय वर्गात येणार नाही.