दौलतखानाचं नाव फलकावरून उतरणार नाही

'शाळेत न शिकवलेला भारताचा सागरी इतिहास' या नावाचा मजकूर तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. सहा दावे, मध्ये भगवे झेंडे, शेवटी हात जोडलेले आणि 'किमान दहा जणांना पाठवा'. थोडक्यात दावे असे: नौकानयन सहा हजार वर्षांपूर्वी सिंधू नदीत जन्मलं, वास्को द गामा हा चंदन नावाच्या गुजराती व्यापाऱ्याच्या तिप्पट मोठ्या जहाजामागून भारतात आला, हिंदूंवर समुद्रबंदी मोगलांनी लादली, अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या जहाजावर लिहिलं गेलं, शिवाजी महाराजांचं आरमार जगातलं पहिलं, आणि त्या आरमारात एकही परधर्मीय नव्हता, दौलतखान वगैरे नावं इंग्रजांनी नंतर घुसडली.

असले मजकूर मी वाचून सोडून देते. हा सोडला नाही, कारण या आवृत्तीत शेवटी एका फलकाचा फोटो जोडला होता आणि खाली लिहिलं होतं, 'नाशिकच्या संग्रहालयातला हा खोटा फलक काढायला लावा.' फलक आमचा, शिवाजी महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान याचं नाव असलेला. आणि तो मजकूर घरच्या ग्रुपवर टाकला होता खुद्द आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावांनी. वर त्यांची पुस्ती: 'तुमच्या तिथलाच दिसतोय. बघ जरा. तसंही नाशिककरांना समुद्राचं काय कळणार म्हणा.' दादा स्वतः सिन्नरचे, हे जाता जाता सांगते.

संग्रहालय म्हणजे फार काही नाही. जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या वरच्या दोन खोल्या. नौदलातून निवृत्त झालेले एक काका, आम्ही दोघी शिक्षिका, जहाजांचे लाकडी नमुने घडवणारे एक सुतारदादा आणि कॉलेजची चार-पाच मुलं, एवढ्यांवर ते चालतं. शनिवार-रविवार उघडं, तिकीट नाही, विजेचं बिल वर्गणीतून. नारळी पौर्णिमेला नारळीभात करतो तेव्हा आख्खी गल्ली वर येते, एरवी शाळांच्या सहली. मजकूर फिरल्यावर रविवारी तीन तरुण आले आणि फलक उतरवा म्हणून अडून बसले. तेव्हा तिथे एकटी होती बारावीतली मुलगी, जी सुट्टीत पोरांना गाठी मारायला शिकवायला येते. तिने फलक उतरवला नाही. पण संध्याकाळी तिने मला विचारलं, 'ताई, आपल्याकडे पुरावा आहे ना?'

आहे. आणि तो इंग्रजांचा नाही.

जानेवारी १६७५. मुरुडसमोरच्या समुद्रात, जंजिऱ्याच्या तोंडावर महाराज पद्मदुर्ग बांधून घेत होते. सिद्दी तो बांधू देत नव्हता, म्हणून आरमाराला किल्ल्याच्या राखणीला उभं राहायचं होतं. आरमार म्हटलं की माणसांना पगार, दाणागोटा, दारूगोळा. ती रसद आणि तो पैसा प्रभावळीच्या सुभ्यातून पोचवायचा होता आणि तिथले सुभेदार जीवाजी विनायक यांनी तो पोचवला नाही. त्यावर महाराजांनी त्यांना जे पत्र लिहिलं ते छापून प्रसिद्ध आहे, अभ्यासकांना पाठ आहे. 'राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी' हे शब्द त्यातलेच, राजपुरी म्हणजे सिद्दीचं ठाणं. ऐवज कोणाला पोचायचा होता? दौलतखान आणि दर्यासारंग या आरमाराच्या सरदारांना. नावं पत्रात आहेत. त्यांचा पैसा अडवून तुम्ही आरमार खोळंबवलंत, सिद्दीला मदत केल्यासारखं झालं, असा महाराजांचा जाब आहे. आणि मग ते वाक्य, जे दादांनी शांतपणे दोनदा वाचावं: 'ब्राह्मण म्हणून कोण मुलाहिजा करू पाहतो?'

म्हणजे राजा आपल्या ब्राह्मण सुभेदाराला दम देतो आहे, कारण त्याने दौलतखानाचा पैसा वेळेवर दिला नाही. आता हे नाव इंग्रजांनी कुठून आणि कसं घुसडलं ते मजकूरवाल्यांनी सांगावं. महाराजांच्या मोडी पत्रात?

एवढ्याने समाधान होत नसेल तर सभासद घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला लिहिली. दरबारातला माणूस, इंग्रजांशी देणं-घेणं नाही. आरमाराचं वर्णन करताना तो गुराबा, तरांडी, गलबतं, शिबाडं अशी जहाजांची नावं देतो आणि त्यावरचे दोन सुभेदार सांगतो: दर्यासारंग मुसलमान आणि मायनाक भंडारी. मुसलमान हा शब्द त्याचा आहे, माझा नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

बरं, हे दोघं-तिघं कागदावरचे सरदार होते का? खांदेरी बघा. १६७९च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर उतरला आणि तटबंदी बांधायला लागला. इंग्रजांनी नाकेबंदी केली. ऑक्टोबरमध्ये दौलतखान नागावहून लहान होड्यांचं आरमार घेऊन बाहेर पडला, इंग्रजांच्या तारवांवर गेला आणि त्यांचं 'डव्ह' हे गलबत पकडून आणलं. 'रिव्हेंज' मात्र हटलं नाही आणि आपल्या होड्यांना नागोठण्याच्या खाडीत परत शिरावं लागलं. हेही आमच्या फलकावर लिहिलं आहे. पण लढाई तेवढ्याने संपली नाही. इंग्रजांची जहाजं जड, त्यांना खोल पाणी आणि वारा लागतो. आपल्या होड्या उथळ पाण्यात, वल्ह्यांवर, रात्रीच्या अंधारात बेटावर धान्य आणि दारू पोचवत राहिल्या. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी वेढा उठवला, खांदेरी महाराजांची राहिली. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं तेव्हा तिच्यावर हल्ला घेऊन गेला तोही दौलतखानच, आणि त्यात स्वतः जखमी झाला. मुसलमान सिद्दीविरुद्ध, हिंदू राजासाठी. त्या काळच्या माणसांना यात कोडं पडलं नव्हतं, आपल्यालाच पडतं.

दौलतखान पुसला की तो एकटा पुसला जात नाही. मजकुरात 'मावळ्यांनी समुद्र जिंकला' असं लिहिलंय. मावळे डोंगरातले. शीड कधी उतरवायचं, ओहोटीला कुठला खडक वर येतो, हे ज्यांना ठाऊक होतं ते कोळी, भंडारी, खारवी, दालदी यांचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. मायनाक भंडाऱ्याचंसुद्धा नाव नाही, आणि तो तर परधर्मीय नव्हता! १६५९ साली कल्याण-भिवंडीला पहिली जहाजं बांधायला घेतली तेव्हा कामावर रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसं होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना फूस लावून पळवलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून या आरमारात नाना जातीची, नाना धर्माची माणसं होती, काही पळाली, बहुतेक टिकली. महाराजांना जहाज तरंगायला हवं होतं.

बाकीचे दावे भराभर.

सहा हजार वर्षं आणि सिंधू नदी. आकडा कुठून आला कोणी सांगत नाही. खरं तर त्याची गरजही नाही. सुमारे सव्वाचार हजार वर्षांपूर्वी आजच्या इराकमधल्या अक्कडचा राजा सार्गोन आपल्या धक्क्याला मेलुहाची जहाजं लागतात म्हणून बढाई मारतो आणि मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. हडप्पाच्या मुद्रा इराकमध्ये सापडल्या आहेत. एवढं हातात असताना वर दीड-पावणेदोन हजार वर्षं कशाला चिकटवायची?

वास्को द गामा. इथे अर्धं खरं आहे हे मान्य करावं लागतं, नाइलाजाने. तो १४९८च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचला, तिथे हिंदुस्थानची जहाजं होती, आणि तिथल्या राजाने दिलेल्या वाटाड्याच्या भरवशावर तो २० मे रोजी कालिकतजवळ आला. वाट त्याने शोधली नाही, ती इथल्या खलाशांच्या रोजच्या पायाखालची होती. पण तिप्पट मोठं जहाज आणि त्याच्यामागून निघालेला वास्को? त्याच्या ताफ्यातल्या माणसाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे, तिच्यात असलं काही नाही. गंमत पुढे आहे. बारुश हा पोर्तुगीज इतिहासकार त्या वाटाड्याला गुजराती म्हणतो खरा, पण गुजराती मुसलमान म्हणतो. मजकुरात तो 'चंदन' झाला. दौलतखानाला पुसलं, याचं बारसं केलं.

अमेरिकेचं राष्ट्रगीत. एचएमएस मिंडन १८१० साली मुंबईच्या गोदीत बांधली हे खरं. सप्टेंबर १८१४मध्ये बाल्टिमोरवर तोफा चालल्या तेव्हा फ्रान्सिस स्कॉट की हा गीतकार अमेरिकेच्याच तहाच्या जहाजावर, इंग्रजांच्या पहाऱ्यात होता. मिंडन तिथे नव्हती. मुंबईच्या सागवानाचा अभिमान वाटायचाच असेल तर १८१७ची ट्रिंकोमाली आहे. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, जाऊन हात लावता येतो. दोन्ही जहाजं बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, पारशी. मजकुरात त्यांचंही नाव नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

जगातलं पहिलं आरमार. १०२५ साली राजेंद्र चोळाने समुद्रापार सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावर आरमार नेलं होतं, आणि जगात त्याच्याही आधी कितीतरी. 'भारतीय नौदलाचे जनक' हा मान महाराजांना देतात तो योग्यच आहे. २०२२ साली नौदलाने नवा ध्वज घेतला त्यातला अष्टकोन त्यांच्या राजमुद्रेवरूनच घेतला. किनाऱ्याचं राज्य राखायचं तर जलदुर्ग, गोदी आणि आरमार एका हातात हवं, हे त्यांनी ओळखलं आणि वीस वर्षांत उभं केलं. त्यांना मोठं करायला 'जगातलं पहिलं' ही पदवी कशाला लागते?

उरली समुद्रबंदी, मोगलांनी लादलेली. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवास हे पतित करणाऱ्या कृत्यांत धरलं आहे. बाबर यायला तेव्हा दीड हजारांहून जास्त वर्षं बाकी होती. गंमत म्हणजे तोच बौधायन उत्तरेकडचे लोक समुद्रावर जातात असंही नोंदवतो, म्हणजे बंदी असली तरी माणसं जात होती. आणि याचा शेवटचा अंक नाशकातच झाला आहे. विलायतेहून परतलेल्यांना शुद्ध करून घ्यायला गोदावरी होती. १८९१ साली बॅरिस्टर होऊन आलेल्या मोहनदास गांधींना त्यांच्या थोरल्या भावाने राजकोटला नेण्याआधी नाशिकला आणून गोदेत स्नान घातलं, मग तिकडे जातीला जेवण दिलं. गांधींनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय. तिथे मोगल कुठेच नव्हते.

आणि 'नाशिककरांना समुद्राचं काय कळणार'. दादा, पांडवलेणी मुंबईच्या महामार्गावरून डोंगरावर दिसतात, पण बहुधा तुम्ही शेवटचे शाळेच्या सहलीत चढला असाल. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आपण केलेल्या दानधर्माची यादी त्याने दगडात कोरून घेतली. तिच्यात भरुकच्छ आणि शूर्पारक, म्हणजे भडोच आणि सोपारा ही बंदरं आहेत. आणि इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर नावा ठेवून लोकांना फुकट पार नेण्याची सोय केल्याची नोंद आहे. त्यातली पारादा म्हणजे पार आणि दमणा म्हणजे दमणगंगा. दोन्ही आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावतात आणि पश्चिमेला समुद्राला मिळतात. तिथल्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं ती आई म्हणते. आईचं कौतुक म्हणून त्यातलं थोडं वजा करा. पण डोंगरात बसून समुद्राची भाषा बोलायची सवय या गावाला फार जुनी आहे एवढं तर कळतं. याच सातकर्णीने नहपानाच्या नाण्यांवर आपला छाप मारला आणि त्या नाण्यांचा हंडा १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला निघाला.

ज्या तिघांना फलक उतरवून हवा आहे त्यांनी शनिवार-रविवार कधीही यावं, पत्राची छापील प्रत टेबलावर ठेवली आहे. बारावीतल्या मुलीची परीक्षा असल्याने या वेळी मी असेन. आणि दादांना लेणी बघायची असतील तर सकाळी लवकर चढा, उन्हाने पायऱ्या तापतात. उषवदाताचा लेख ओसरीच्या मागच्या भिंतीवर अगदी वर, छताखाली आहे. बरेच जण डोळ्यांच्या रेषेत शोधतात आणि काही नाही म्हणून परत येतात.