साडेअकराशे, जातं आणि दुतोंड्या मारुती : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले नाही ते बरं झालं, कारण पहिल्या वाचनात मला राग आला होता आणि दुसऱ्या वाचनात तुमचं बरंचसं पटलं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्यासारख्या छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्राला एआयचा हातभार लागेल, असं मी लिहिलं होतं. मुलाखती लिहून काढणं, आवाज साफ करणं, बाजारभाव वाचणं अशी कामं त्यात मोजली होती. त्यावर काकांनी लिहिलं, "रेडिओ म्हणजे ओळखीचा आवाज. तोच यंत्राच्या हवाली केलात तर राहिलं काय? आणि तुमच्या यंत्राला ना अहिराणी येते ना कोकणा. सुरगाण्याच्या माणसाने नुसतं ऐकतच राहायचं का?" (कोकणा म्हणजे सुरगाणा-पेठकडची आदिवासी बोली, कोकणी नव्हे.) वीस वर्षं नैमित्तिक, म्हणजे लागेल तेव्हा बोलावला जाणारा, निवेदक म्हणून ड्यूटी केलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

बाजारभावाबाबत मी चुकले होते. लेखानंतर आम्ही तीन आठवडे यंत्राच्या आवाजात कांद्याचे भाव लावून पाहिले. उच्चार स्वच्छ, व्याकरण बिनचूक. "कमाल एक हजार एकशे पन्नास रुपये." पण लासलगावच्या लिलावात असं कोण बोलतं? तिथे भाव साडेअकराशे असतो. निफाडहून एका शेतकऱ्याचा फोन आला, "ताई, ट्रॅक्टर चालवताना ऐकतो मी. आकडा कळेपर्यंत पुढचा भाव निघून जातो." शिवाय लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच दमात. मधे श्वास नाही, थांबणं नाही. आता भाव कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक मुलगी वाचते. कागदावर ११५० दिसलं की तिच्या तोंडून साडेअकराशेच येतं, तिला कुणी शिकवावं लागलं नाही. यंत्राचा आवाज आम्ही बंद केला आहे.

पण मुलाखती लिहून काढण्याच्या कामाबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे, आणि का ते तुम्ही ऐकून घ्यावं.

सामुदायिक केंद्राची ताकद किती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. शंभर वॅटचा प्रक्षेपक, दहा-बारा किलोमीटरचा टापू. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांना घेऊन इथेच तयार झालेले हवेत, असा सरकारी नियम आहे. नियम उत्तमच आहे, पण तो पाळताना माणसं दमतात ती माइकच्या मागे. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला आम्हाला चार-पाच तास लागतात. म्हणून लिहून काढणं होतच नाही. कपाटात वर्षानुवर्षांच्या फायली पडून आहेत, नाव 'मुलाखत नवीन', 'मुलाखत नवीन २', 'फायनल'. त्यात काय आहे हे ज्याने रेकॉर्ड केलं त्याला माहीत, आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेलेला.

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि द्राक्षांवरच्या डावणी रोगाबद्दल फोनवर फोन सुरू झाले. याच विषयावर दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने पूर्वी कधीतरी फार नेमकं सांगितलं होतं, एवढंच मला आठवत होतं. तोवर आम्ही निम्म्या फायली व्हिस्पर नावाच्या, बोललेलं लिहून देणाऱ्या एआय मॉडेलने उतरवून घेतल्या होत्या. ते आमच्याच संगणकावर चालतं, रेकॉर्डिंग बाहेर कुठे पाठवावं लागत नाही. 'डावणी' शोधलं, सापडेना. यंत्राने तो शब्द सगळीकडे 'दावणी' असा, गुरांचा, लिहून ठेवला होता. तसं शोधल्यावर पाच मिनिटांत माणूस सापडला. त्याच संध्याकाळी त्याला फोन लावून थेट कार्यक्रमात घेतलं आणि चाळीस मिनिटं शेतकऱ्यांचे प्रश्न चालले. काका, त्या दिवशी यंत्रामुळे एक ओळखीचा आवाज परत हवेत आला. मला यंत्र हवंय ते एवढ्यासाठी.

अहिराणीबद्दल तुम्ही म्हणता त्यापेक्षाही परिस्थिती वाईट आहे. यंत्राला अहिराणी येत नाही हे एक वेळ चाललं असतं. पण येत नाही हे ते सांगत नाही. सटाण्याच्या आजी म्हणाल्या, "पानी नही शे." यंत्राने लिहिलं, "पाणी नाही." आजींचं बोलणं त्याने न विचारता प्रमाण मराठीत बसवून टाकलं. म्हातारी माणसं बोलताना थांबतात, तर त्या शांततेतही त्याने कुणी न बोललेली वाक्यं घातली. म्हणून अहिराणी आणि कोकणा रेकॉर्डिंग यंत्राला द्यायचंच नाही, ते हातानेच लिहायचं असं ठरवलंय. मराठीचाही प्रत्येक कागद मूळ आवाज ऐकून तपासल्याशिवाय पुढे जात नाही. या दोन्ही बोली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाहीत. त्यामुळे भारतीय भाषांसाठी एआय साधनं बनवणाऱ्या भाषिणीसारख्या सरकारी उपक्रमाकडूनही त्यांच्यासाठी लवकर काही येईल असं मला वाटत नाही.

आवाज साफ करण्याबद्दलही एक गोष्ट कबूल करते. पेठ तालुक्यातल्या एका बाईंच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही रेकॉर्ड केल्या होत्या. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून फाइल सफाईला टाकली. पाऊस गेला, आणि जातंही गेलं. यंत्राला जात्याची घरघर म्हणजे गोंगाट वाटला. नुसता उघडा गळा उरला आणि ओवी जिथे वळते तिथे तिला टेकायला काही राहिलं नाही. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मूळ फाइल होती म्हणून वाचलो.

तुम्ही पोलंडमधल्या क्राकोचं उदाहरण दिलंत. तिथल्या एका केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये एआय निवेदक आणले आणि २०१२ साली वारलेल्या शिम्बोर्स्का या कवयित्रीची 'मुलाखत'ही प्रसारित केली. लोक एवढे संतापले की आठवडाभरात प्रयोग गुंडाळावा लागला. आमच्याकडेही एकाने सुचवलं होतं, अमुक दिवंगत निवेदकांचा आवाज तयार करून घेऊ. बैठकीत मीच नाही म्हटलं. ज्याला विचारता येत नाही त्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. आणि कुणी यंत्र दाखवून नैमित्तिक निवेदकांच्या ड्यूट्या कापल्या, तर तुमच्या बाजूने बोलायला मी उभी राहीन.

पुराचं तर बोलायलाच नको. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हा आकडा कुणीही वाचेल. पण नाशिकच्या गोदाघाटावरच्या माणसाला कळतं ते तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून. तो निरोप घाटावर उभ्या असलेल्या माणसाने फोनवरून द्यायचा आणि स्टुडिओतल्या माणसाने सांगायचा. त्या दिवसांत यंत्राला हात लावायचा नाही, हे आमच्या स्टुडिओच्या दारावर लिहून लावलंय.

आता एक विनंती. अहिराणीच्या अकरा फायली हाताने लिहायच्या राहिल्यात आणि आमच्यात अहिराणी कानाचं माणूस एकच आहे. आठवड्यातून एक दुपार येऊ शकाल का? आणि या रविवारी सकाळी रेडिओ लावा. त्या बाईंच्या ओव्या लावतोय, पावसासकट, जात्यासकट.