‘युसेबियो पोर्तुगीज कसा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

युसेबियोवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडी लाज वाटली, आणि मग उत्तर लिहायला बसलो. नाव दिलं नाहीत, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. दोन ओळींत आटपेल असं वाटलं होतं, पण लांबलं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. एक, मोझांबिकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीत, जन्मलेल्या माणसाला मी सरसकट ‘पोर्तुगालचा महान फुटबॉलपटू’ म्हटलं, म्हणजे वसाहतवाद्यांचीच री ओढली. दोन, तो पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचं बाहुलं होता, ‘तोंडातून चकार शब्द काढला नाही’. तीन, १९६६ च्या विश्वचषकातले त्याचे गोल फुगवून सांगितले जातात. उत्तर कोरियासारख्या ‘लिंबूटिंबू’ संघाविरुद्ध चार, त्यातल्या दोन पेनल्टी. चार, त्यानं दोन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) जिंकले हे मी चूक लिहिलं.

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तिथं तुमचंच बरोबर आहे. बेनफिकानं, म्हणजे त्याच्या लिस्बनमधल्या क्लबनं, दोन कप जिंकले, युसेबियोनं एक. ३१ मे १९६१ ला बर्नमध्ये बेनफिकानं बार्सिलोनाला ३-२ हरवलं तेव्हा तो संघात नव्हता. त्याच्या करारावरून बेनफिका आणि लिस्बनचाच दुसरा क्लब स्पोर्टिंग यांच्यात चाललेलं भांडण नुकतंच मिटलं होतं. त्याचा पहिला अधिकृत सामना दुसऱ्याच दिवशी, पोर्तुगीज कपात सेतुबालविरुद्ध. मुख्य संघ बर्नहून परतायचा होता, म्हणून राखीव पोरांना उतरवलं. बेनफिका ४-१ हरली. युसेबियोनं एक गोल केला आणि एक पेनल्टी घालवली. त्याचा कप म्हणजे १९६२ चा, ॲमस्टरडॅममधला: रेआल माद्रिदविरुद्ध ५-३, त्यात त्याचे दोन. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तिसरा, कारण तो मला सगळ्यात जास्त झोंबला.

२३ जुलै १९६६, लिव्हरपूलचं गूडिसन पार्क. पंचविसाव्या मिनिटाला उत्तर कोरिया ३, पोर्तुगाल ०. हा तुमचा लिंबूटिंबू संघ चारच दिवसांपूर्वी इटलीला घरी पाठवून आला होता. सत्ताविसाव्या मिनिटाला युसेबियोनं पहिला गोल मारला. त्या सामन्याचं चित्रण मिळालं तर पुढचे पाच सेकंद बघा. हात वर नाहीत, मिठ्या नाहीत. तो धावत जाळीत शिरतो, चेंडू उचलतो, काखेत मारतो आणि मधल्या वर्तुळाकडे पळत सुटतो. दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं असलेल्या माणसासारखा. मध्यंतराआधी पेनल्टी, मग ५६ व्या मिनिटाला तिसरा. आणि ती दुसरी पेनल्टी, जी तुम्ही हिशेबातून वजा करता, ती कशी मिळाली? डाव्या बाजूनं चेंडू घेऊन तो एकटा सुसाट निघाला, पेनल्टी क्षेत्रात शिरला आणि त्याला आडवा पाडला. उठून, पाय झटकून, किक त्यानंच मारली. ५-३ जिंकले, पाचवा गोल औगुस्तोचा. हे पाहूनही कुणाला आकडे फुगवलेले वाटत असतील, तर त्याला मी काय सांगणार?

पण तुमच्या आक्षेपात एक धागा आहे, तो तुम्ही ओढला नाहीत. मी ओढतो. त्या विश्वचषकात आफ्रिकेचा एकही संघ नव्हता. आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला होता, कारण अख्ख्या खंडाला हक्काची एकही जागा नव्हती. आफ्रिकेच्या विजेत्यानं पुन्हा आशिया-ओशिनियाच्या विजेत्याशी झगडायचं, असा नियम. आफ्रिका बाहेर पडली आणि ती जागा ऑस्ट्रेलियाला हरवून उत्तर कोरियानं घेतली. म्हणजे गूडिसनवर युसेबियो ज्या संघाविरुद्ध खेळत होता, तो आफ्रिकेच्या रिकाम्या खुर्चीत बसलेला संघ होता. आणि स्पर्धेत सर्वाधिक, नऊ गोल करणारा माणूस लोरेन्सो मार्किसच्या, म्हणजे आजच्या मापुतोच्या, माफालाला वस्तीतला. पोर्तुगालचा कर्णधार कोलुना मोझांबिकचा. बचावफळीतले हिलारियो आणि विसेंते, तेही मोझांबिकचे. आफ्रिका नव्हती कशी? होती, पण पोर्तुगालचा लाल शर्ट घालून.

इथून तुमच्या पहिल्या मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणता, त्याला पोर्तुगीज म्हणू नका. माझं म्हणणं, म्हणायलाच हवं. त्यात पोर्तुगालची भलामण नाही. तो शब्द काढून टाकला की त्याच्या बाबतीत काय काय झालं, तेच पुसलं जातं.

माफालाला म्हणजे पत्र्याच्या आणि लाकडी घरांची वस्ती. वडील अंगोलातून आलेले गोरे रेल्वे कामगार. मुलगा आठ वर्षांचा असताना धनुर्वातानं गेले. आई एलिसा काळी, मोझांबिकची. मोज्यात वर्तमानपत्रं कोंबून केलेला चेंडू, अनवाणी पाय. पोरांनी आपल्या संघाचं नाव ठेवलं होतं ‘ब्राझीलवाले’, आणि जो तो कुठल्या ना कुठल्या ब्राझिली खेळाडूचं नाव लावायचा. त्या काळी मोझांबिकमधल्या बहुसंख्य काळ्या माणसांना कायद्यानं ‘इंडिजेना’ ठरवलं होतं, म्हणजे नेटिव्ह. नागरिकत्व हवं तर भाषा, कपडे, चालीरीती यांची परीक्षा देऊन ‘आसिमिलादो’ व्हायचं. डिसेंबर १९६० मध्ये अठरा वर्षांचा युसेबियो लिस्बनला उतरला तेव्हा हा कायदा जिवंत होता. तो रद्द झाला सप्टेंबर १९६१ मध्ये, आणि ऑक्टोबरात हा पोरगा लक्झेंबर्गविरुद्ध पोर्तुगालचा शर्ट घालून मैदानात. नेटिव्ह की नागरिक की राष्ट्राची शान, हे दर वेळी ठरवणारे दुसरेच.

त्याच्या येण्याची गोष्टही बघा. तो स्पोर्टिंगच्या तिकडच्या शाखेत खेळायचा आणि त्याला पळवलं बेनफिकानं. निरोपांत त्याचं नाव होतं ‘रूथ’, बाईचं नाव, म्हणजे कुणाला संशय नको. स्पोर्टिंगच्या माणसांना सापडू नये म्हणून त्याला काही दिवस दूर दक्षिणेला अल्गार्वमध्ये हॉटेलात लपवून ठेवलं. हे मी मूळ लेखात गमतीच्या सुरात लिहिलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो सूर मलाच खटकला, हे कबूल करतो.

आणि १९६१ म्हटलं की आपण गोवेकर वेगळ्याच गोष्टीनं ते वर्ष ओळखतो. मी डिचोलीचा. युसेबियो लिस्बनला उतरल्याला वर्ष होतं न होतं तोच, १९ डिसेंबरला, आमच्याकडचा पोर्तुगीज झेंडा उतरला. सालाझारनं ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. लिस्बननं कबूल केलं ते १९७४ मध्ये, राजवट कोसळल्यावर. वसाहती नाहीत, एकच राष्ट्र अनेक खंडांत पसरलंय, हा सालाझारचा धोशा. त्या धोशाला युसेबियोपेक्षा चांगली जाहिरात कुठली? मग १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांचं काय? ते आणि त्यांची मुलं-नातवंडं आजही लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढतात. आमच्या शेजारचा एक पोरगा असाच पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला कामाला आहे. तो पोर्तुगीज का? त्याला विचाराल तर हसेल. पण विमानतळावर त्याला विचारणाऱ्याचं उत्तर वेगळं असतं, आणि त्या उत्तरावर त्याचं पोट चालतं. ‘पोर्तुगीज’ हा शब्द मी युसेबियोसाठी वापरला तो या अर्थानं. मूळ लेखात हे नीट आलं नाही, ही माझी चूक.

राहिलं ‘बाहुलं’. त्यानं सालाझारविरुद्ध भाषणं केली नाहीत, खरंय. पण बाहुल्याला दोऱ्या बांधाव्या लागतात, त्याही मोजू या. १९६४ च्या सुमारास इटलीचा युव्हेंटस क्लब त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजायला तयार होता. सालाझारनं वाट अडवली, हे पुढे युसेबियोनं स्वतः सांगितलंय. तो म्हणे राष्ट्राची ठेव. १९६६ नंतर इंटर मिलान तयार झाला, तर इटलीनं परदेशी खेळाडू घ्यायलाच बंदी केली. का? तर उत्तर कोरियाकडून हरल्याची नामुष्की. म्हणजे ज्या संघाला त्यानं चार गोल मारले, त्याच संघानं नकळत त्याच्यासाठी इटलीचं दार लावलं! तो लिस्बनमध्येच राहिला, १९७५ पर्यंत. बेनफिकासाठी ४४० सामन्यांत ४७३ गोल, अकरा लीग विजेतेपदं आणि चाळण झालेला डावा गुडघा. बाहेर पडायची मोकळीक मिळाली तेव्हा पस्तिशी जवळ आली होती. मग बोस्टन, मेक्सिकोत माँतेरेय, टोरोंटो, लास व्हेगास, मध्येच पोर्तुगालमधला छोटा बेइरा-मार. त्या फिरतीबद्दल तुम्ही ‘पैशासाठी दारोदार’ असं लिहिलंत. अहो, ज्याला भर उमेदीत बाजारात उभंच राहू दिलं नाही, त्यानं उतारवयात चार पैसे गाठीला बांधले तर बिघडलं कुठं?

मोझांबिकसाठी तो खेळला नाही, हेही तुम्ही त्याच्या खात्यावर टाकलंत. मोझांबिक स्वतंत्र झाला २५ जून १९७५ ला. युसेबियोचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना १९७३ चा. खेळायचं कुणाकडून?

पण परत जाण्याचा प्रश्न उरतोच, आणि तिथं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला साक्षीदार देतो: कोलुना. युसेबियो लिस्बनला निघाला तेव्हा आईनं ‘पोराला सांभाळ’ अशी चिठ्ठी ज्याच्या नावे दिली, तो हा. स्वातंत्र्यानंतर कोलुना मोझांबिकला परतला, तिथल्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला आणि २५ फेब्रुवारी २०१४ ला मापुतोत वारला. युसेबियो त्याच्या सात आठवडे आधी, ५ जानेवारीला, लिस्बनमध्ये गेला. पुढच्या वर्षी त्याचे अवशेष पोर्तुगालच्या राष्ट्रीय पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मृतिमंदिरात, हलवले. तिथं गेलेला तो पहिला फुटबॉलपटू. त्याच छताखाली वास्को द गामा आणि आपला गोवा घेणारा अफोन्सो द आल्बुकर्क यांची स्मारकं आहेत. माफालालाच्या पोराला कुणाच्या शेजारी झोपवलंय बघा.

कोलुनावर मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही. पुढचा लेख त्याच्यावर. चुका काढायला याच, पण या वेळी नाव लिहा.