माफ केलंय, मग केस कशाला?

गुड फ्रायडे जवळ आला की आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतं. मागे क्रूस, कोपऱ्यात पांढरी लिली, आणि मजकूर साधारण असा: खरा ख्रिस्ती कोर्टाची पायरी चढत नाही. येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं. प्रेषित पौलाने भावाला कोर्टात खेचायला मनाई केली. ग्लॅडिस स्टेन्सने नवऱ्याच्या आणि मुलांच्या खुन्यांना माफ केलं, तुम्हाला चार पैसे सोडवत नाहीत? देव हिशेब ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

खाली 'आमेन'ची रांग. यंदा त्या रांगेत मंडळीतले एक पंच होते. माझ्या मावशीचे चाळीस हजार त्यांच्या दुकानात अडकले होते. ते नंतर सांगते.

आधी ग्लॅडिसबाई, कारण या फॉरवर्डचं सगळं वजन त्यांच्या नावावर आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूर गावी त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपले असताना जमावाने गाडी पेटवली. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली हे खरं. बारीपदाला कुष्ठरोग्यांची सेवाही त्यांनी पुढे चालू ठेवली. पण त्यानंतर काय झालं ते फॉरवर्ड सांगत नाही. तपास सीबीआयकडे गेला, खटला चालला. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारा सिंगला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. बाईंच्या क्षमेने यातलं काही थांबलं नाही. थांबणारही नव्हतं, कारण आपल्या कायद्यात खुनाचा खटला घरच्यांच्या तडजोडीने मिटतच नाही. त्यांनी मनातला राग सोडला. तो त्यांचा होता, सोडायचा हक्कही त्यांचाच. जळालेल्या लेकरांच्या वतीने कोर्टाला कुलूप लावायचा हक्क त्यांनी कधी मागितला नाही. तो आता आपण त्यांच्या नावावर खपवतो, हे मला फार खटकतं.

पोप जॉन पॉल दुसरे यांचंही तेच. १३ मे १९८१ ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी त्यांनी हल्लेखोराला माफ केलं, १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बोलणं झाल्यावर पोप घरी गेले आणि तो हल्लेखोर, अली आगजा, कोठडीत राहिला. इटलीने त्याला माफी दिली ती २००० साली.

आता गालाचं. मत्तयाच्या शुभवर्तमानात शब्द आहे 'उजव्या गालावर'. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर उलटा हात लागतो. ती दुखापत करण्यापेक्षा पाणउतारा करण्याची थप्पड, असं बरेच अभ्यासक वाचतात. अपमानाला अपमानाने उत्तर देऊ नको, इतकं मला त्यातून कळतं. दरोडा पडला तरी तोंड मिटून बस, हे त्यात कुठे आहे? आणि खुद्द येशूला थप्पड बसली तेव्हा काय झालं, ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. प्रमुख याजकापुढे एका शिपायाने त्याला मारलं. येशूने त्याला विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, नाहीतर मला का मारतोस? हात उगारला नाही, पण जाब विचारला. सगळ्यांसमोर.

पौलाचा मुद्दा मात्र खरंच जड आहे, तो झटकून चालणार नाही. करिंथ शहरातल्या मंडळीला त्याने स्पष्ट लिहिलंय की भावाभावांतले तंटे बाहेरच्यांपुढे नेऊ नका, त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही? पण त्याच ओळींत तो विचारतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे निवाडा हवाच, तो घरात व्हावा. आणि लगेच पुढची ओळ लुबाडणाऱ्यांवर आहे. 'तुम्हीच भावांना लुबाडता.' ही ओळ कुठल्याच लिलीवर छापलेली मी पाहिली नाही. हाच पौल फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके खाल्ल्यावर गुपचूप सुटायला नकार देतो, आणि पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागतो.

देव हिशेब ठेवत नाही, यावर थोडक्यात. येशूच्या दृष्टांतातल्या राजाने डोंगराएवढं कर्ज सोडलं ते हिशेबाला बसल्यावर. आकडा ठरला, मग सोडला. आणि जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला तेव्हा जक्कय नुसता पस्तावला नाही. ज्याला लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. येशूने त्याला 'राहू दे रे' म्हटल्याचं लिहिलेलं नाही.

तर मावशी. तिने कोर्ट गाठलं नाही. मत्तयाचा अठरावा अध्याय उघडला आणि त्यातला क्रम धरला. आधी एकटी गेली. पंचांनी चहा पाजला, प्रार्थना केली आणि म्हणाले, ताई, ख्रिस्ती माणूस हिशेब मागतो का? मग ती दोन साक्षीदार घेऊन गेली. मग रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या टेबलावर शाळेच्या वहीतलं पान ठेवलं: रक्कम, तारीख, दर महिन्याला दोन हजार, खाली दोघांच्या सह्या.

हप्ते येत राहिले. मध्ये पंचांच्या बायकोचं ऑपरेशन झालं. मावशी डबा घेऊन दवाखान्यात गेली आणि घरी आल्यावर त्या पानावरचे दोन महिने तिने पेनाने खोडले. बाकीचे अठरा तसेच ठेवले.