शिंग कापलेला गेंडा खोटा नसतो

रविवारी सकाळी मावशीचा फोन. "अगं, केनियाचं रद्द करू का? गेंडे संपलेत म्हणे." मावशी अडुसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. या सहलीसाठी तीन वर्षं पैसे बाजूला टाकतेय. तिच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिने मला पाठवला, आणि दोन दिवसांत तोच मला आणखी चार ठिकाणी दिसला. मेसेज म्हणतो: आफ्रिकेतला शेवटचा पांढरा गेंडा 2018 मध्ये मेला. आता सफारीत दाखवतात ते कुंपणातले पाळीव गेंडे. शिंग कापलेलं दिसलं की समजावं, हा पर्यटकांसाठी ठेवलेला आहे, अशा क्रूर ठिकाणी पैसे देऊ नका. खरा गेंडा दिसलाच तर फोटो ठिकाणासकट टाका, म्हणजे इतरांनाही सापडेल. शेवटी, शिंगात कर्करोगावर औषध असतं.

2018 मध्ये मेला तो सुदान. केनियातल्या ओल पेजेता अभयारण्यात 19 मार्चला गेला, आणि तो उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांमधला शेवटचा नर होता. त्या उपजातीच्या नाजिन आणि फातू या दोन माद्या अजून तिथेच आहेत. नाजिन त्याची मुलगी, फातू नात. म्हणजे एका उपजातीची शोकांतिका उचलून सगळ्या खंडावर चिकटवली. दक्षिणेकडचे पांढरे गेंडे आज पंधरा हजारांहून जास्त आहेत. 1900 च्या आसपास तेच दक्षिण आफ्रिकेत उम्फोलोझीच्या परिसरात जेमतेम काही डझन उरले होते, तिथून इथवर आले. आफ्रिकेतली दुसरी जात म्हणजे काळे गेंडे, ते 1990 च्या दशकाच्या मध्याला अडीच हजारांच्याही खाली होते, आता सहा हजारांवर गेलेत. हे कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कामामुळे झालंय, आणि एक मेसेज ते 'संपले' म्हणून पुसून टाकतो.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती शिंगाच्या मुद्द्याची, कारण तो वाचून माणूस गेंडा राखणाऱ्या जागेवरच बहिष्कार घालतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे इथे शिंग कापतात ते जंगली गेंड्याचंच, आणि तो जिवंत राहावा म्हणून. हेलिकॉप्टरमधून भुलीचं इंजेक्शन मारतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, कानांत बोळे घालतात आणि जिथून शिंग वाढतं त्या मुळाच्या वरून करवतीने कापतात. शिंगाच्या आत हाड नसतं. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचंच ते. नख कापल्यासारखंच ते पुन्हा वाढतं, म्हणून दीड-दोन वर्षांनी परत कापावं लागतं. मग उतारा टोचतात आणि जनावर उठून झुडपात चालतं होतं.

याचा उपयोग होतो का? 'सायन्स' या नियतकालिकात जून 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसराचा सात वर्षांचा अभ्यास आला, 2017 ते 2023 चा. आठ राखीव क्षेत्रांत 2,284 गेंड्यांची शिंगं कापली गेली होती, आणि तिथली शिकार 78 टक्क्यांनी घटली. या कामाला शिकार रोखण्याच्या एकूण खर्चातला दीड टक्कासुद्धा लागला नाही. याच काळात रेंजर, कॅमेरे, श्वानपथकं यांवर कोट्यवधी डॉलर गेले, शेकडो शिकारी पकडलेही गेले, तरी त्यामुळे शिकार कमी झाल्याचं आकड्यांत ठळक दिसलं नाही. शिंग कापल्यावर काळे गेंडे कमी फिरतात, एकमेकांना कमी भेटतात, असं दुसऱ्या एका अभ्यासात आढळलंय. कापल्यावर उरलेल्या शिंगाच्या बुंध्यासाठीही मारलेले गेंडे आहेत. हा नाइलाजाचाच उपाय आहे. पण 2014 या एकाच वर्षात दक्षिण आफ्रिकेत 1,215 गेंडे मारले गेले होते. क्रूर कुणाला म्हणायचं ते हा आकडा समोर ठेवून ठरवा.

कुंपणाबद्दल मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे, ते मान्य करते. केनियातल्या नाकुरू सरोवराच्या उद्यानाला विजेचं कुंपण आहे, दक्षिण आफ्रिकेतले निम्म्याहून जास्त गेंडे खासगी जमिनींवर आहेत, आणि पहारा जवळपास सगळीकडे आहे. तरी नाकुरूसारख्या उद्यानात कुंपणाच्या आत तो स्वतःच चरतो. नाकुरूला आमच्या गाडीपासून वीसेक पावलांवर एक मादी चरत होती. तोंड जमिनीला लावून, रुंद ओठाने गवत खुडत. इंजिन बंद केल्यावर तो खरखर आवाज स्वच्छ ऐकू येत होता. दोन्ही कानांना खाचा होत्या, ओळख पटावी म्हणून पाडलेल्या. मागून पिल्लू आलं तशी ती वळली, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि ड्रायव्हरने कुजबुजत सांगितलं, कुणीही हलू नका. पाळीव जनावर असं उभं राहत नाही.

आणि ठिकाणासकट फोटो! क्रूगरमध्ये कोणता प्राणी कुठे दिसला याच्या टाचण्या लावायचे फलक असतात, त्यात सिंह असतो, बिबट्या असतो, गेंडा मुद्दाम नसतो. तुम्ही टाकलेला फोटो शिकारी टोळीही बघते. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला गेंड्यांची काळजी आहे यावर माझा विश्वास नाही.

औषधाचं इतकंच: केराटिनने कर्करोग बरा होत नाही. होत असता तर नखं खाऊनही झाला असता. आसाम सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये काझीरंगाजवळ बोकाखातला 2,479 शिंगं जाळली, ती याच समजुतीवर चालणाऱ्या बाजाराला उत्तर म्हणून.

तर मावशी, रद्द करू नकोस. मसाई मारात काळे गेंडे आहेत, पण थोडे, आणि झुडपात राहणारे. तिथे नाही दिसले तर हिरमुसू नकोस. नाकुरूला एक मुक्काम धरायला सांग, पहाटेच्या फेरीला जा, दुर्बीण घे. फोनमधलं लोकेशन इथूनच बंद करून जा, कसं करायचं ते मी शनिवारी येऊन दाखवते. आणि हे सगळं त्या शाळेच्या ग्रुपवर टाक, माझ्या नावाने टाकलंस तरी चालेल.