खुनी ठाऊक असला तरी काय बघायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोंड्याच्या आपल्या मंडळात दर शनिवारी जुने रहस्यपट लागतात, पण ते दोन-चार हौशी माणसं आपल्या आवडीने ठरवतात. ‘द बिग स्लीप’ कुणाला धड कळला नाही. ‘पाठलाग’ची गोष्ट ‘मेरा साया’मुळे घरोघरी पोचलेली, मग त्यात रहस्य ते काय उरलं? जपानी चित्रपटाची इंग्रजी सबटायटल्स वाचताना वयस्कर मंडळींची दमछाक होते. आणि सगळ्यांच्या आवडीचा ‘गुमनाम’ मात्र यादीत नाही.

यातला ‘पाठलाग’चा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाकीच्यांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

घरी एकट्याने रहस्यपट बघणं वेगळं आणि वीस-पंचवीस जणांनी एका खोलीत बसून बघणं वेगळं. आपल्याकडे कुठलाही जुना चित्रपट लावा, पाच-सहा जणांनी तो पाहिलेला असतोच. कुणी कादंबरी वाचलेली असते, कुणी हिंदी अवतार पाहिलेला असतो. मध्यंतरात चहा घेताना एखाद्याच्या तोंडून नको ते नाव निसटतं आणि बाकीचे हिरमुसतात. ज्या चित्रपटाची सगळी भिस्त शेवटच्या पाच मिनिटांवर आहे, तो अशा खोलीत तग धरत नाही. म्हणून निवड करताना मी स्वतःला एवढंच विचारतो: गुन्हेगार ठाऊक असूनही हा शोध पुन्हा बघावासा वाटतो का?

गोव्यातल्या नाट्यवेड्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. जत्रेत ‘संशयकल्लोळ’ लागलं की कृत्तिकेच्या हातात अश्विनशेठची तसबीर कशी आली, हे झाडून सगळ्यांना माहीत असतं. तरी फाल्गुनराव त्या तसबिरीवरून तर्कामागून तर्क लढवायला लागला की मांडव डोक्यावर घेतात. पुरावा खरा, त्यावरून बांधलेली अटकळ साफ खोटी. देवलांनी त्यातून हसवलं, रहस्यपटवाले त्यातूनच धडकी भरवतात.

आता ‘पाठलाग’. राजा परांजपे यांचा 1964चा चित्रपट, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. दोनच वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला. डोळ्यांदेखत वारलेली बायको, आणि कोर्टात उभी राहून ‘मीच ती’ म्हणणारी एक परकी बाई. तिची उलटतपासणी घेणारा वकील म्हणजे तिचा (किंवा तिचा नसलेला) नवराच. इथे डिटेक्टिव्ह असा वेगळा कुणी नाही. फक्त दोघांनाच ठाऊक असलेल्या खासगी गोष्टी त्याला भर कोर्टात विचाराव्या लागतात, आणि उत्तरं बरोबर येत जातात. ज्याला शेवट माहीत नाही तो त्या बाईकडे बघत बसतो. ज्याला माहीत आहे तो वकिलाच्या चेहऱ्याकडे बघतो, त्याला प्रत्येक उत्तराचा दुहेरी अर्थ लागतो. त्या शनिवारी चित्रपट संपल्यावर वाद कशावर झाला आठवतं ना? असे प्रश्न चारचौघांत विचारायचा नवऱ्याला अधिकार होता का, यावर. ‘ती कोण’ हा विषय कुणी काढलासुद्धा नाही. कथा ठाऊक असणाऱ्यांनीच त्या रात्री सगळ्यांत जास्त बोलून घेतलं.

हीच गोष्ट सत्यजित राय यांनी ‘सोनार केल्ला’मध्ये (1974) जाणूनबुजून केली आहे. फेलूदा या त्यांच्याच गुप्तहेराची ती कादंबरी त्यांचीच. पण चित्रपट करताना लबाड माणसं कोण, हे त्यांनी प्रेक्षकाला बरंच आधी दाखवून टाकलं. पूर्वजन्मातला सोन्याचा किल्ला आठवणारा लहानगा मुकुल भलत्याच माणसाचा हात धरून राजस्थानात फिरतोय, हे आपल्याला दिसतं आणि फेलूदाला अजून कळलेलं नाही. त्यामुळे ‘कोण’ हा प्रश्न मागे पडून ‘याला केव्हा उमगणार’ हा जीव खाऊ लागतो. ज्याने स्वतः गोष्ट लिहिली त्यालाही पडद्यावर ती झाकून ठेवण्यापेक्षा उघडी ठेवावीशी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं. शिवाय घरातली मुलं सोबत आणता येतील असा तो चित्रपट. सौमित्र चटर्जींचा फेलूदा आणि संतोष दत्तांचा जटायू (रहस्यकथा लिहिणारा विनोदी लेखक) आगगाडीत प्रथम भेटतात, त्या प्रसंगाला आपल्याकडची पोरं खो-खो हसली होती.

जपानी चित्रपटाबद्दल. तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण रोख कुरोसावांच्या ‘स्ट्रे डॉग’वर (1949) असणार. तो मी पुन्हाही लावीन, आणि शक्यतो मे महिन्यातच. युद्धानंतरचं टोकियो, अंगाची लाही करणारा उन्हाळा, जो तो पंखा हलवतोय, घाम पुसतोय. तोशिरो मिफुनेने केलेल्या तरुण पोलिसाचं पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये चोरलं जातं, आत सात गोळ्या. पुढे त्याच पिस्तुलाने गुन्हे व्हायला लागतात आणि प्रत्येक गोळीचा हिशेब तो पोलीस स्वतःच्या नावावर मांडत जातो. शेवटाकडे स्टेशनच्या प्रतीक्षालयातला प्रसंग आहे. गुन्हेगार डावखुरा आहे आणि त्याचे कपडे चिखलाने भरलेले असणार, एवढंच हाताशी. हा पोलीस बाकांवरच्या एकेका माणसाचे बूट बघतो, विजारी बघतो. कुणी बोलत नाही. मग एक जण सिगारेट पेटवायला काडी ओढतो, डाव्या हाताने. त्या क्षणी आपली खोली कशी चिडीचूप झाली होती! तिथे सबटायटल वाचायला काही नव्हतंच.

त्यांचाच ‘हाय अँड लो’ (1963) यादीत पुढे आहे. खंडणीसाठी मुलाच्या अपहरणाची गोष्ट, आपल्याकडे 1977मध्ये ‘इन्कार’ आला तो त्याच्यावरूनच. त्यात खंडणीखोराच्या फोनचं रेकॉर्डिंग पोलीस पुन्हा पुन्हा ऐकतात. मागे कुठेतरी ट्रामचा आवाज आहे, आणि रेल्वेतला एक साधा कामगार नुसत्या आवाजावरून तो मार्ग ओळखतो. बिनचेहऱ्याची, कष्टाची, रोजच्या कामातली हुशारी कुरोसावा जितक्या प्रेमाने दाखवतात तितकी मला दुसरीकडे क्वचित दिसली.

सबटायटल्सची अडचण मात्र खरी आहे, आणि ती सोडवण्यासारखी आहे. आता प्रत्येक परदेशी चित्रपटाआधी पात्रांची नावं आणि कोण कुणाचा कोण एवढं मराठीत लिहिलेला एक कागद सगळ्यांना मिळेल, मोठ्या अक्षरांत. कथा त्यात नसेल. नावांचा गोंधळ गेला की निम्मं वाचन कमी होतं. पावसाळ्याचाही विचार करा: आपली खोली माडीवरची, वर पत्रे. आषाढात एकदा कोसळायला लागला की हिंदी संवाद कितीही मोठ्याने लावा, कानावर काही पडत नाही. जून ते ऑगस्टमध्ये सबटायटल्सवाले चित्रपट जास्त असतात ते एवढ्यासाठीच.

‘द बिग स्लीप’ न कळण्यात प्रेक्षकांचा काडीचाही दोष नाही. हॉवर्ड हॉक्सचा हा चित्रपट 1945मध्ये परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना आधी दाखवला गेला, तेव्हा त्यात प्रकरणाची उकल सांगणारा एक प्रसंग होता. 1946मध्ये तो थिएटरात आला तेव्हा तो प्रसंग गेलेला होता आणि नायक-नायिका बोगार्ट-बकॉल यांचे नव्याने चित्रित केलेले प्रसंग आत आले होते. कथेतल्या शोफरला कुणी मारलं हे मूळ कादंबरीचा लेखक रेमंड चँडलर यालाही सांगता आलं नाही, हा किस्सा तर प्रसिद्धच आहे. मला तो चित्रपट आवडतो तो त्यातला डिटेक्टिव्ह फिलिप मार्लो याच्या चालण्या-बोलण्यासाठी, समोरचा खोटं बोलतोय हे कळूनही तो ज्या शांतपणे ऐकून घेतो त्यासाठी. तरी ज्यांना धागेदोरे जुळवण्यात गोडी आहे त्यांनी आधी ‘द माल्टीज फाल्कन’ (1941) पाहिलेला बरा. तिथे कॅमेरा बहुतेक वेळ डिटेक्टिव्ह सॅम स्पेडला चिकटून असतो, त्याला जे कळतं तेच आणि तेव्हाच आपल्याला कळतं.

राहिला ‘गुमनाम’. राजा नवाथे यांचा 1965चा हा चित्रपट मला नावडता मुळीच नाही, ‘जान पहचान हो’ लागलं की मीही ताल धरतो. पण तिथे माणसं एकेक करून मरतात आणि आपण पुढच्याची वाट बघतो. खुणा जुळवत पुढे जाणारं कुणी आपल्या डोळ्यांसमोर नसतं. एकदा उत्तर कळलं की गाणी उरतात. गाण्यांसाठी वेगळी रात्र ठेवू या, मी आनंदाने येईन. शनिवारच्या यादीत त्याच्या आधी ‘सी.आय.डी.’ (1956) यायला हवा, कारण संपादकाच्या खुनाचा तपास करता करता इन्स्पेक्टर शेखर स्वतःच आरोपी होतो आणि शोधणाराच लपत फिरायला लागतो.

तुम्ही प्रतिक्रियेच्या शेवटी ‘इत्तेफाक’ सुचवला आहे, तो मला मनापासून पटला. 1969 साली यश चोप्रांनी एकही गाणं न घालता केलेला चित्रपट, बराचसा एका घरात, एका रात्रीत घडणारा. आपल्यातल्या निम्म्या लोकांना शेवट ठाऊक असेल, तरी नंदाच्या नजरा पुन्हा बघण्यासारख्या आहेत. चतुर्थीच्या दिवसांत मंडळ बंद असतं, त्यानंतरचा पहिला शनिवार त्यासाठी धरला आहे. सुरुवातीची पाच मिनिटं तुम्हीच बोला, फक्त शेवट सांगू नका. त्याच्या पुढच्या दोन शनिवारी बॅझिल रॅथबोन शेरलॉक होम्स झालेला ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (1939) आणि त्याच कथेचा आधार घेतलेला आपला ‘बीस साल बाद’ (1962) लागोपाठ लावतोय. दोन्ही बघा आणि कुठला लावायला नको होता ते जरूर कळवा.