मुलाचा ताबा आणि खर्च : फिरत्या संदेशातील सहा विधाने आणि प्रत्यक्ष कायदा

विभक्त झालेल्या किंवा घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या आईवडिलांसाठी ‘कायद्याची माहिती’ म्हणून एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, पण विधाने तीच राहतात. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत आईकडे आणि त्यानंतर वडिलांकडे जाते. नऊ वर्षे पूर्ण झाली की कोणाकडे राहायचे हे मूल स्वतः ठरवते. आई कमावती असेल तर वडिलांना खर्च द्यावा लागत नाही, आणि नसेल तर पगाराच्या २५ टक्के रक्कम ठरलेली असते. मुलाला भेटू दिले नाही तर पैसे थांबवता येतात. परस्पर संमतीच्या घटस्फोटात जे लिहून दिले ते कायमचे. आणि अठरावे वर्ष संपले, किंवा महिनाभराची कैद भोगून झाली, की सगळी देणी मिटतात. या सहाही विधानांमध्ये कायद्याचा एखादा तुकडा खरा आहे, म्हणूनच ती लोकांना पटतात. मात्र त्यांच्या भरवशावर घेतलेल्या निर्णयांची किंमत मुलाला मोजावी लागते, त्यामुळे प्रत्येक विधान कायद्याशी ताडून पाहणे गरजेचे आहे.

पहिले विधान वयाचे. त्याचा उगम हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये आहे. हे कलम अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून वडिलांचे आणि ‘त्यांच्यानंतर’ आईचे नाव घेते, आणि त्याला जोडलेले परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी अट, असे सांगते की पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाच वर्षांनंतर काय, याबद्दल हे परंतुक काहीही सांगत नाही. संदेश लिहिणाऱ्याने त्या मौनातून स्वतःच एक नियम काढला आहे. याच अधिनियमाचे कलम १३ स्पष्टपणे सांगते की पालक नेमताना किंवा जाहीर करताना मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार असेल, आणि न्यायालयाला मुलाचे हित दिसत नसेल तर केवळ या अधिनियमामुळे किंवा विवाहातील पालकत्वाच्या कायद्यामुळे कोणालाही पालकत्वाचा हक्क सांगता येणार नाही. थोडक्यात, कलम ६ वाचून थांबणाऱ्याने अर्धाच कायदा वाचलेला असतो.

‘त्यांच्यानंतर’ या शब्दाचा अर्थही आता पूर्वीसारखा घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे रोखे मुलाच्या नावे घेताना पालक म्हणून आईची सही स्वीकारली गेली नाही, यावरून उभ्या राहिलेल्या गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवले की त्याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच नाही. वडील मुलाच्या संगोपनापासून दूर असतील, त्याबाबत उदासीन असतील किंवा अन्य कारणाने ते पालक म्हणून काम करू शकत नसतील, तर वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरते. आई किंवा वडील दोघांपैकी कोणी अधिक ‘वरचे’ आहे, ही समजूत तिथेच मोडीत निघाली.

पाच वर्षांखालील मुलांबाबतही ‘सामान्यतः’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने असे स्पष्ट केले की इतक्या लहान मुलाला आईकडे ठेवणे त्याच्या हिताचे नाही, हे दाखवून देण्याची जबाबदारी वडिलांवर असते. आईने आपली पात्रता आधी सिद्ध करावी, अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणजे कायद्याचा कल आईकडे आहे, पण पुरावा देऊन तो बदलता येतो. पाच वर्षांवरील मुलाच्या बाबतीत असा कोणताही पूर्वग्रह न ठेवता मुलाची सध्याची शाळा, घरातील वातावरण, त्याची काळजी प्रत्यक्षात कोण घेत आले, भावंडे एकत्र राहतील का, आरोग्य आणि सुरक्षितता, या सगळ्यांचा विचार होतो. पाचव्या वाढदिवसाला ताबा आपोआप बदलत नाही, आणि त्या दिवशी मुलाला शाळेच्या फाटकातून उचलून नेणाऱ्या पालकाला ‘कायद्याने आता ते माझे आहे’ असा बचाव मिळत नाही.

हा अधिनियम हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लहान मुलाच्या आईकडील ताब्याबद्दल वेगळे नियम आहेत, ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे, आणि गोव्यात कौटुंबिक बाबींना पोर्तुगीज काळापासून चालत आलेली नागरी संहिता लागू होते. तरीही ताब्याचा प्रश्न न्यायालयात आला की मुलाचे हित हीच मुख्य कसोटी असते. संदेशात मात्र सर्वांसाठी एकच आकडा दिलेला असतो.

दुसरे विधान नऊ वर्षांचे. नऊ हा आकडा मुलाच्या ताब्याच्या कोणत्याही कलमात नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये एवढेच म्हटले आहे की समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. ‘घेऊ शकते’ आणि ‘घ्यावीच लागते’ यांत फरक आहे, आणि ‘विचारात घेणे’ म्हणजे ‘मान्य करणे’ नव्हे. न्यायाधीश अनेकदा मुलाशी आपल्या दालनात, आईवडील नसताना बोलतात, आणि कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकाचा अहवालही मागवू शकतात. यामागचे कारण उघड आहे. वर्षभर एकाच पालकाजवळ राहिलेले मूल दुसऱ्याबद्दल जे बोलते ते त्याचे स्वतःचे मत आहे की त्याला ऐकवलेले, हे न्यायाधीशाला पारखावे लागते. एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मुलाचे मन कलुषित करण्याच्या धोक्याची सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात सविस्तर दखल घेतली आहे. नऊ वर्षांच्या आख्यायिकेमुळे नेमका हाच प्रकार वाढतो. मुलाच्या वाढदिवसाची वाट पाहत त्याला ‘तयार’ केले जाते. आईवडिलांपैकी एकाची निवड करण्याचे ओझे मुलावर टाकू नये म्हणूनच कायद्याने अंतिम निर्णय त्याच्याकडे दिलेला नाही.

तिसरे विधान खर्चाचे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चे कलम २० मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी पुरुष व स्त्री दोघांवरही टाकते, आणि मूल विवाहातून झालेले आहे की विवाहाबाहेरचे, असा भेद करत नाही. त्यामुळे आई कमावती आहे म्हणून वडील मोकळे होत नाहीत, तसेच ताबा वडिलांकडे असेल तर कमावत्या आईकडूनही वाटा मागता येतो. दोघेही नोकरी करत असलेल्या एका दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मुलांचा खर्च वडील आणि आई यांच्यात दोनास एक या प्रमाणात विभागला होता. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून आलेल्या प्रकरणात न्यायालयाने हा विचार अधिक नेमका केला. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण हे सारे येते. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी उचलावा, पण आईची मिळकत पुरेशी असेल तर तो दोघांत प्रमाणात वाटता येतो, असे त्यात म्हटले आहे.

याच निकालाने दोन्ही पक्षांना आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र दाखल करणे बंधनकारक केले, आणि निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून द्यावा असेही ठरवले. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी शाळेच्या फीच्या पावत्या, रिक्षा किंवा बसचा खर्च, क्लास, औषधे, घरभाडे यांचे कागद आतापासूनच जपून ठेवावेत, कारण प्रतिज्ञापत्राला आधार त्यांचाच असतो. वर्षभर तोंडी बोलणी करत बसणाऱ्याचे त्या वर्षाचे पैसे बहुधा बुडतात, हेही ध्यानात घ्यावे.

२५ टक्क्यांबद्दल थोडेच सांगायचे आहे. २०१७ च्या एका निकालात, त्या दांपत्याची परिस्थिती पाहून, पतीच्या हाती येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के पोटगी योग्य ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. त्याचा सार्वत्रिक नियम झालेला नाही. रजनेश प्रकरणातही ठरावीक सूत्र नाकारलेले आहे.

चौथ्या विधानावर मात्र थांबायला हवे, कारण माझ्या मते संपूर्ण मजकुरातील सर्वांत घातक सल्ला हाच आहे. ‘भेट नाही तर पैसे नाहीत’ असे एक पालक म्हणतो, ‘पैसे नाहीत तर भेट नाही’ असे दुसरा उत्तर देतो, आणि दोघांनाही आपण कायद्याने वागतो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात हे दोन स्वतंत्र आदेश असतात, आणि एकाचा भंग झाला म्हणून दुसरा मोडण्याची मुभा कोणालाच मिळत नाही. मुलाचा खर्च ही भेटीची फी नाही. खर्च हा मुलाच्या निर्वाहाचा हक्क आहे, आणि दोन्ही पालकांचा सहवास हाही मुलाचाच हक्क आहे. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळण्याचा हक्क आहे. प्रत्यक्ष भेटीखेरीज फोन आणि व्हिडिओ कॉलवरील संपर्कालाही न्यायालयाने त्यात महत्त्व दिले.

भेट नाकारली जात असेल तर त्याच न्यायालयात अर्ज करून आदेशाची अंमलबजावणी, भेटीचे वेळापत्रक व ठिकाण बदलणे, समुपदेशकाच्या उपस्थितीत भेट, आणि वारंवार अडवणूक होत असल्यास ताब्याचाच फेरविचार मागता येतो. तो अर्ज करणाऱ्या पालकाचे स्वतःचे हप्ते थकलेले असतील तर न्यायालयासमोर त्याची बाजू लंगडी होते, हे वेगळे सांगायला नको. उलट बाजूने, मुलाच्या सुरक्षिततेबद्दल खरी भीती असेल तर भेट परस्पर बंद न करता लगेच न्यायालयाकडे जावे. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाला अपायकारक ठरेल असे दिसल्यास ती नाकारूही शकतात. पत्नीची पोटगी नाकारली गेली, उदाहरणार्थ व्यभिचाराच्या कारणावरून, तरी मुलाच्या खर्चावर त्याचा परिणाम होत नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे, कारण अनेक वडील या दोन रकमांना एकच समजतात.

पाचवे विधान संमतीच्या अटींचे. घटस्फोट लवकर मिळावा म्हणून ‘मुलासाठी काहीही मागणार नाही’ असे आई लिहून देते आणि नंतर फी भरताना हतबल होते. परंतु निर्वाहाचा हक्क मुलाचा असल्याने आई तो त्याच्या वतीने सोडून देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येही अशा तडजोडीतील अटी मुलावर बंधनकारक नाहीत असे सांगितले. मुस्लिम दांपत्यांबाबत, घटस्फोटित पत्नीसाठीच्या १९८६ च्या कायद्यामुळे मुलांचा खर्च दोन वर्षांपुरता मर्यादित होत नाही, हे १९९७ मध्येच ठरले आहे. ताब्याचेही तसेच. ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात हे तत्त्व १९७३ पासून सर्वोच्च न्यायालयाने मांडलेले आहे, आणि हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मध्येही मुलांबाबतचे आदेश वेळोवेळी बदलण्याची तरतूद आहे. २०१० मध्ये एका आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जाताना मुलाला सोबत नेण्याची परवानगी मिळाली, तीही संमतीने झालेल्या घटस्फोटानंतर. पालकाने पुन्हा लग्न केले म्हणून ताबा आपोआप जातो, ही समजूतही याच वर्गातली आणि तितकीच चुकीची आहे.

शेवटचे विधान दोन गोष्टी एकत्र करते. अठराव्या वर्षी अज्ञानत्व संपते हे खरे आहे, आणि सज्ञान, सुदृढ मुलग्यासाठी महाविद्यालयीन खर्च थेट मागणे त्यानंतर अवघड होते हेही खरे आहे. पण मुलाला शारीरिक किंवा मानसिक व्यंग असून ते स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही त्याचा हक्क टिकतो. तसेच निर्वाह अधिनियमाच्या कलम २० नुसार अविवाहित मुलगी स्वतःच्या मिळकतीतून चरितार्थ चालवू शकत नसेल तोवर तिच्या निर्वाहाची जबाबदारी कायम राहते, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्काला दुजोरा दिला आहे. फौजदारी मार्गाने अठरानंतर अर्ज फेटाळला गेलेल्या मुलीला ‘आता काहीच मिळणार नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा तिला कौटुंबिक न्यायालयाचा हा दुसरा दरवाजा दाखवला जात नाही.

कैदेबद्दलची समजूत पूर्णपणे चुकीची आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे, आणि त्यात वॉरंट काढूनही रक्कम वसूल न झाल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ही कैद वसुलीचा दबाव म्हणून असते. ती भोगल्याने रक्कम फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ठरवले. दिवाणी हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, केल्यास वेतनही जप्त होते, आणि निर्वाहाच्या देण्यासाठी वेतनाचा फक्त एक-तृतीयांश भाग जप्तीतून वाचतो, म्हणजे साध्या कर्जापेक्षा इथे कायदा कितीतरी कडक आहे. मात्र कलम १४४ खाली थकलेली रक्कम वसूल करण्याचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, त्यामुळे तीन-चार महिने थकले की लगेच अर्ज टाकणे शहाणपणाचे. वकिलाच्या फीअभावी हा अर्ज राहून जात असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करता येतो.